न जन्मलेल्या मयताचा दगड

भूतकथा लिहिणाऱ्या माणसाने चर्चचा वॉर्डन असू नये, असा काही नियम नाही. असता तर हॅरल्ड टिबेनमने तो पाळला असता, कारण नियम पाळणं ही एकच गोष्ट त्याला मनापासून आवडत असे. चौतीस वर्षं त्याने इप्सविचमधल्या एका विमा कचेरीत लोकांचे दावे नामंजूर केले होते. निवृत्तीनंतर तो लिटल वेनफर्ड गावच्या चर्चचा वॉर्डन, म्हणजे इमारतीची आणि दफनभूमीची देखरेख करणारा, झाला आणि तेच काम बिनपगारी करू लागला. बिशपच्या कचेरीने दफनभूमीचे एकोणीस नियम छापून दिले होते. हॅरल्डला ते सगळे पाठ होते, आणि विसावा कुठला असायला हवा होता हेही त्याने ठरवून ठेवलं होतं.

कथा मात्र त्याने आयुष्यात एकच लिहिली. १९७० च्या नाताळात चर्चच्या मासिकाची तीन पानं रिकामी राहत होती, कारण मुरंब्यांच्या पाककृती देणाऱ्या बाई पायऱ्यांवरून पडल्या. त्या तीन पानांत हॅरल्डने सायलस रँड नावाचं भूत बसवलं. सायलस हा शंभर वर्षांपूर्वीचा, अर्थात कल्पनेतला, थडगी खणणारा माणूस. मेल्यावर तो रोज पहाटे चर्चमध्ये येतो आणि गुडघे टेकायच्या उशा सरळ रांगेत लावून जातो. बस्स. ओरडत नाही, गळा दाबत नाही, दारसुद्धा हळू लावतो. हॅरल्डच्या मते सगळी भीती त्यातच होती. त्याची बायको म्युरिएल म्हणाली की असं भूत खरंच मिळणार असेल तर गुरुवारी, साफसफाईच्या दिवशी, तिला आपल्या घरीही हवं आहे.

तो अंक कुणाच्या तरी मावशीकडून लंडनला गेला, आणि पुढच्या सप्टेंबरात नायजेल फेन नावाचा सत्तावीस वर्षांचा दिग्दर्शक मेंढीच्या कातड्याचा कोट घालून हॅरल्डच्या पुढच्या खोलीत येऊन बसला. त्याने चार बिस्किटं खाल्ली आणि कथेवर सिनेमा काढायचा म्हणाला.

"भयपट," नायजेल म्हणाला. "पण रक्ताबिक्ताचा नाही. सभ्य. तुमचं भूत किती सभ्य आहे हो, मिस्टर टिबेनम!"

"आणि माझं नाव?" हॅरल्डने विचारलं. हे विचारायला त्याला तीन वेळा कप उचलून खाली ठेवावा लागला.

"पडद्यावर. 'मूळ कथा' असं लिहून खाली तुमचं नाव. अख्ख्या पडद्यावर दुसरं काही नाही."

हॅरल्डने कचेरीत हजारो पत्रांवर सह्या केल्या होत्या, पण प्रत्येक सहीच्या वर 'व्यवस्थापकांकरिता' असं छापलेलं असे. अख्ख्या पडद्यावर दुसरं काही नाही, हे ऐकून त्याने नायजेलपुढे पाचवं बिस्किट सरकवलं. म्युरिएलच्या माहितीप्रमाणे पाहुण्याला पाचवं बिस्किट देण्याची ही पहिलीच वेळ होती.

अट एकच होती. चित्रण अकरा ऑक्टोबरच्या सोमवारी सुरू व्हायला हवं. त्या दिवशी दफनभूमी मिळाली नाही तर कंपनीच्या हाताशी दुसरी कथा तयार होती: कॉर्नवॉलमधला एक झपाटलेला दीपस्तंभ.

"कुणाची आहे?" हॅरल्डने विचारलं.

"दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांची."

दिवसभर हॅरल्डचा जबडा आवळलेला होता.

काम तसं किरकोळ होतं. दफनभूमीतल्या जुन्या झाडाखाली सायलस रँडच्या नावाचा थर्माकोलचा दगड दोन दिवस उभा करायचा, राखाडी रंग फासायचा, चित्रण झालं की उचलून गाडीत टाकायचा. पाद्री रेव्हरंड ॲलिंगटन म्हणाले, "करून टाका की. देवाची काही हरकत दिसत नाही."

"देवाचा प्रश्न नाही," हॅरल्ड म्हणाला. "नियम चार."

नियम चार असा होता की परवानगीशिवाय दफनभूमीत कोणतीही वस्तू उभी करू नये. इतर कुणी वॉर्डन असता तर त्याने थर्माकोल ही वस्तू आहे का यावर विचार केला असता. हॅरल्डला ती सोय नव्हती, आणि त्याचं कारण चर्चच्या फाटकासमोरच्याच घरात राहत होतं. मिसेस गेज.

मिसेस एडना गेज यांचे यजमान रेज दोन वर्षांपूर्वी वारले. रेज यांनी जन्मभर शर्यतीची कबुतरं पाळली. बाईंना त्यांच्यासाठी काळा चकचकीत दगड हवा होता, सोनेरी अक्षरांत 'रेज', आणि वर त्यांची लाडकी कबुतरी डोरिस. हॅरल्डने अर्ज परत पाठवला. चकचकीत ग्रॅनाइट नियम सहात बसत नाही. सोनेरी अक्षरं सातात बसत नाहीत. 'रेज' हे घरगुती नाव असल्याने नऊ, आणि डोरिस पाळीव पक्षी असल्याने अकरा. तेव्हापासून रेज लाकडी खुंटीखाली होते आणि बाई खिडकीत होत्या. मध्ये एकदा त्यांनी थडग्यावर मुरंब्याच्या बरणीत फुलं ठेवली. हॅरल्डने बरणी चिठ्ठीसह परत केली. नियम चार.

आता त्याच खिडकीसमोरून थर्माकोलचा दगड नेणं शक्य नव्हतं.

गावात बातमी पसरायला दुपार पुरली. निवृत्त आरमारी अधिकारी कॅप्टन स्टॅनिफर्थ कुंपणावरून म्हणाले, "अहो, पहाटे चारला उभा करा, नऊला काढा. आम्ही नॉर्वेत अख्खा पूल असा उभा केला होता." पोस्टातल्या मिस क्विल्टर तिकिटं फाडता फाडता म्हणाल्या, "दगडाच्या जागी एखादा माणूस उभा करा, राखाडी कपडे घालून. कॅप्टनसाहेबांना जमेल, ते तसेही फार हलत नाहीत." पाद्री म्हणाले, "मी त्या दिवशी दंतवैद्याकडे जातो. म्हणजे मला काही दिसलं नाही असं होईल." दंतवैद्य हा शब्द ऐकून हॅरल्डने तडक घर गाठलं आणि अर्ज भरायला घेतला.

अर्ज दोन पानी होता. मयताचं नाव: सायलस रँड. मृत्यूची तारीख: हॅरल्डने प्रामाणिकपणे 'लागू नाही' लिहिलं. मयत या गावचा रहिवासी होता काय: 'केवळ मासिकात'. अर्जदाराचं मयताशी नातं: या रकान्यापाशी तो अर्धा तास बसून होता. शेवटी त्याने 'लेखक' लिहिलं.

बिशपच्या कचेरीतून पर्विस नावाच्या कारकुनाचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'लेखक' हे नातं यादीत नसून पती, पत्नी, अपत्य, भावंड व इतर यांपैकी एक निवडावं. तसंच थर्माकोल हा दगड नसल्याने सदर दगड दगडाचा असावा. शिवाय एकदा उभारलेला दगड काढण्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागेल, आणि त्यासाठी मयताच्या नातेवाइकांची लेखी संमती जोडावी.

"म्हणजे तुझीच," म्युरिएल म्हणाली.

"मी 'इतर' आहे," हॅरल्ड म्हणाला. त्याला पर्विसचा राग आला नव्हता. उलट असा कारकून आपल्या हाताखाली असता तर, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

नायजेलने फोनवर खरा दगड घडवण्याचं कबूल केलं. दीपस्तंभापर्यंत बोटीने जावं लागतं आणि मुख्य नटाला बोट लागते, त्यामुळे कंपनी अजून दगडाच्या बाजूने होती. राहिली फक्त जाहीर नोटीस. चर्चच्या दारावर ती दहा दिवस लावायची. गावातल्या कुणी हरकत घेतली तर प्रकरण बिशपच्या न्यायालयात जातं, आणि त्या न्यायालयात एका चर्चच्या गळक्या छपराचा खटला तेव्हा सातवं वर्ष काढत होता.

नऊ दिवस कुणी काही बोललं नाही. दहाव्या दिवशी, एक ऑक्टोबरला, दुपारी जांभळ्या शाईतली हरकत आली.

'मी या दगडास हरकत घेते,' मिसेस गेज यांनी लिहिलं होतं. 'मयत मेलेला नाही, कारण तो जन्मलेला नाही. दफनभूमी ही मेलेल्यांसाठी आहे असं मला सांगण्यात आलं होतं.'

हॅरल्डने ती दोनदा वाचली. चौतीस वर्षांत इतकी नेमकी हरकत त्याच्या टेबलावर आली नव्हती. तिच्यात नामंजूर करण्यासारखं एक अक्षर नव्हतं.

"जा आणि बोल तिच्याशी," म्युरिएल म्हणाली.

"काय बोलू?"

"आधी माफी माग. मग काय सुचेल ते."

माफी मागण्याचा कुठलाही छापील नमुना हॅरल्डकडे नव्हता. टोपी हातात घेऊन तो रस्ता ओलांडून गेला. मिसेस गेज यांनी दार उघडलं, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "पाय पुसा."

स्वयंपाकघरात त्यांनी त्याला रेज यांच्या खुर्चीत बसू दिलं नाही. स्टुलावर बसवलं. चहा दिला, पण साखर विचारली नाही.

"तुमची गोष्ट वाचली मी," त्या म्हणाल्या. "उशा लावतं म्हणे भूत."

"हो."

"कोण घाबरणार हो याला? मी असते तर म्हटलं असतं, आलाच आहेस तर खिडक्या पण पुसून जा."

"ती सूचक भीती आहे, मिसेस गेज."

"असेल. आमच्या ह्यांना दोन वर्षांत दगड नाही, आणि तुमच्या त्या मनातल्या माणसाला तीन आठवड्यांत. त्याचा हात कधी धरलाय का कुणी? त्याची विजार कुणी धुतली का?"

हॅरल्डने कबूल केलं की सायलस रँडची विजार कुणी धुतली नव्हती.

"आमचे हे," बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "शनिवारी त्या चर्चच्या भिंतीवर बसायचे. घड्याळ हातात. फ्रान्सहून पाखरं सुटलेली असायची, आणि हे आभाळाकडे बघत. जेवायला हाक मारली तर बोट वर करायचे, थांब म्हणून. डोरिस यायची वेळेवर, पण मेली छपरावर बसून राहायची. खाली उतरल्याशिवाय वेळ धरत नाहीत ना. किती शर्यती घालवल्या तिने त्या छपरावर बसून! आणि हे नुसते बघत. ओरडायचे नाहीत. ओरडलं तर ती बिचकेल म्हणून." त्यांनी चहाचा घोट घेतला. "अजून शनिवारी दुपारी मला त्या भिंतीकडे बघवत नाही. न जाणो, बसलेले असतील."

हॅरल्डच्या मानेवर बारीक काटा आला. आपल्या कथेने दहा महिन्यांत कुणाच्याही मानेवर तो आणला नव्हता, हे त्याच क्षणी त्याच्या ध्यानात आलं. त्यातली वाईट गोष्ट अशी होती की हे चांगलं होतं, आणि त्याचं नव्हतं.

सौदा दहा मिनिटांत ठरला. बाई हरकत मागे घेतील. अर्ज सायलसचा रद्द होऊन रेज यांचा होईल. दगड कंपनी घडवेल आणि तो कायमचा राहील. त्या बदल्यात सिनेमातलं भूत रेज असेल आणि भिंतीवर बसेल.

"ह्यांना चालेल का?" हॅरल्डने विचारलं. "म्हणजे, भयपटात?"

"खुंटीखाली पडून कंटाळले असतील," बाई म्हणाल्या. "पण डोरिस हवी. डोरिसशिवाय मी सही करणार नाही."

"नियम अकरा..."

"मग दीपस्तंभ बघा तुमचा."

नायजेलला फोनवर नवं भूत सांगितलं तेव्हा त्याने ते पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग तो म्हणाला, "मिस्टर टिबेनम, मला आत्ता दिवा लावावासा वाटतोय, आणि इथे दुपारचे दोन वाजलेत. हे आधी का नाही लिहिलंत?" हॅरल्ड म्हणाला की सुचलं नव्हतं. हे म्हणणं त्याला बरंच जड गेलं.

नवा अर्ज त्याने नियमांना धरून केला. काळ्या ग्रॅनाइटऐवजी स्थानिक चुनखडी, सोनेरीऐवजी साधी कोरलेली अक्षरं, 'रेज'ऐवजी 'रेजिनल्ड'. खाली बाईंनी सांगितलेले दोन शब्द: 'वाट पाहतो'. आणि वर पक्षी. डोरिस छपरावर नको, खाली येताना दाखवा, असं बाईंचं बजावणं होतं. "जिवंतपणी नाही तर नाही, दगडावर तरी वेळेवर उतरू दे." त्याप्रमाणे पंख पसरून उतरणाऱ्या पक्ष्याचं चित्र त्याने कागदावर काढलं आणि अर्जाला जोडलं. पक्षी कुणाचा, असा रकाना अर्जात नव्हता. पाद्रीबाबांनी तातडीची शिफारस दिली, आणि पुन्हा नोटीस लावायची गरज नाही असं पर्विसने कळवलं, कारण हरकत घेणारी व्यक्तीच आता मयताची पत्नी होती. असा योग कचेरीच्या इतिहासात आला नव्हता, असंही त्याने नोंदवलं होतं. मंजुरी मिळेल या भरवशावर पाथरवटाने दगड घडवायलाही घेतला. हॅरल्डने याकडे कानाडोळा केला. तीही त्याच्यासाठी नवीच गोष्ट होती.

शुक्रवार, आठ ऑक्टोबर. चित्रणाला मधे दोन दिवस. दुपारच्या टपालाने मंजुरी आली. सोबत पर्विसने स्वतःच्या हाताने लिहिलेली पुरवणी होती.

'उतरत्या पक्ष्याच्या रूपात पवित्र आत्मा,' त्याने लिहिलं होतं, 'आणि खाली पुनरुत्थानाची प्रतीक्षा करणारा भाविक. आजकाल दगडांवर इतकं शास्त्रशुद्ध औचित्य क्वचितच दिसतं. बिशपसाहेबांनाही चित्र दाखवलं. त्यांनी मान डोलावली.'

हॅरल्ड लिहायच्या टेबलाशी बसला. त्याने नवा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'महोदय, सदर पक्षी पवित्र आत्मा नसून शर्यतीची कबुतरी आहे. तिचं नाव डोरिस. तसंच मयत भाविक नव्हता; लग्नाखेरीज तो चर्चमध्ये कधी आल्याची नोंद नाही. तो पुनरुत्थानाची नव्हे, तर उपरोक्त डोरिसची वाट पाहत असे.' सही केली. घडी घातली. पाकिटावर पत्ता लिहिला.

साडेचारला म्युरिएल कोट चढवून दारात आली. "मी पोस्टात चाललेय. हे टाकायचं का?"

हॅरल्डने पाकिटाकडे पाहिलं. मग समोरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे मिसेस गेज नव्हत्या. त्या रस्ता ओलांडून दफनभूमीत गेल्या होत्या आणि दगडासाठी जागा पावलांनी मोजत होत्या.

"तिकीट नाही," तो म्हणाला.

त्याच्या कोपराजवळ तिकिटांचा अख्खा ताव पडला होता. म्युरिएलने तो पाहिला, हातमोजे घातले आणि म्हणाली, "बरं. मग मी नुसती फिरून येते."

चित्रण तीन दिवस चाललं. धुक्याचं यंत्र लावल्याबरोबर कॅप्टन स्टॅनिफर्थ यांनी आगीचा बंब बोलावला, आणि बंबवाल्यांनी कर्तव्य म्हणून धुकं विझवलं. लंडनहून आणलेली शिकवलेली कबुतरं सोडताच छपरावर जाऊन बसली आणि दीड दिवस खाली आली नाहीत. मिसेस गेज म्हणाल्या की आता कुठे खरं वाटतंय. सायलस रँड आणि त्याच्या उशा शेवटी दोन मिनिटांच्या एका दृश्यात उरल्या, आणि तेही नंतर कापलं, कारण नायजेलच्या मते त्यात काही घडत नव्हतं. हॅरल्ड घरी गेला आणि त्याने विनाकारण तीन खोल्यांमधल्या खुर्च्या भिंतीला समांतर लावल्या.

रेज यांचं काम करणारा नट नाटकातला, नावाजलेला माणूस होता. तो बाईंकडे आला आणि अदबीने म्हणाला, "बाई, ते कसे बसायचे ते जरा सांगाल?"

"टोपी मागे घ्या," बाई म्हणाल्या. "अजून. खांदा हा असा पाडा. घड्याळ मांडीवर नाही, तळहातात. हां." त्या दोन पावलं मागे सरकल्या. "आता हलू नका."

तो हलला नाही. बाई त्याच्याकडे कामाला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चहा गार होतोय तुमचा," आणि घरात निघून गेल्या.

सिनेमा पुढच्या मार्चमध्ये इप्सविचला लागला. गावाने दुपारच्या खेळासाठी बस ठरवली. हॅरल्डने नवा टाय घातला होता. नायजेलने दोनच दिवस आधी पत्राने कळवलं होतं की कंपनीच्या वकिलांच्या मते भूत मिसेस गेज यांनी पुरवलेलं असल्यामुळे दोघांचीही नावं द्यावी लागतील. एकाखाली एक, वर्णक्रमाने. हॅरल्डने त्यावर रात्रभर विचार केला होता. गेज, टिबेनम. वर्णक्रमाविरुद्ध काय म्हणणार? तो नियमच होता. म्युरिएलला त्याने एवढंच सांगितलं की नाव तीन सेकंद राहील, तेव्हा पापणी लववू नकोस.

म्युरिएल त्याच्या डाव्या हाताला बसली, मिसेस गेज उजव्या. अंधार झाला. चर्चची भिंत आली, धुकं आलं, आणि लांबवर भिंतीवर बसलेली एक पाठ आली. मागे कॅप्टन स्टॅनिफर्थ यांनी घसा खाकरला. संगीत थांबलं. पडदा काळा झाला, आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटली. हॅरल्ड पुढे झुकला.

उजवीकडून कुणीतरी त्याची बाही ओढली.

"अहो, काय लिहिलंय?" मिसेस गेज कुजबुजल्या. "चष्मा बसमध्ये राहिला माझा. माझं नाव आहे का हो?"

तीन सेकंद हा काही फार वेळ नव्हे. हॅरल्डने मान वळवली. अंधारात बाईंचा चेहरा पडद्याकडे लागलेला होता, तोंड किंचित उघडं.

"आहे," तो म्हणाला. मग कुणाच्या दाव्यावर निकाल देत असल्यासारखा, प्रत्येक अक्षर मोकळं करून म्हणाला, "मूळ कथा. मिसेस एडना गेज."

त्याने मान परत वळवली तेव्हा पडद्यावर आभाळ होतं.

"आणि खाली?" बाईंनी विचारलं. "खाली अजून एक ओळ होती. दुसरं कुणाचं नाव होतं?"

"टिबेनम," हॅरल्ड म्हणाला. "असेल कुणीतरी."

"गप्प बसा हो," मागून मिस क्विल्टर म्हणाल्या. "सिनेमा सुरू झालाय."